शेगडी रुसते तेव्हा...

सकाळचे साडेसहा वाजलेले असतात. कुकरची पहिली शिट्टी व्हायची असते, कणीक मळून झाकून ठेवलेली असते आणि नेमक्या त्याच वेळी तव्याखालची ज्योत पिवळी पडू लागते. कधी बर्नरच्या एकाच बाजूला आग दिसते, कधी बटण फिरता फिरत नाही, तर कधी गॅस पेटवताना 'फट्' असा आवाज होऊन काळजाचा ठोका चुकतो. दुरुस्तीवाल्याला फोन केला तर तो दुपारनंतर येणार असतो. तोवर डबे तर भरायचेच असतात. मग सुई घेऊन कुठेतरी टोचून पाहिले जाते, पक्कड लावून बटण फिरवले जाते, सिलिंडर हलवून पाहिला जातो. यांतले काही उपाय निरुपद्रवी असतात, काही मात्र जिवावर बेतू शकतात. कोणता कोणत्या प्रकारचा, हे ओळखणे फारसे कठीण नाही. त्यासाठी शेगडी चालते कशी, एवढे मात्र ठाऊक हवे.

रॉकेलच्या स्टोव्हच्या काळात हे ज्ञान घराघरांत होते. पिन मारणे, वॉशर बदलणे, वाती कातरणे ही कामे घरातील बाई किंवा शाळकरी मूलही करीत असे. मुंबईत १९५०च्या दशकात बर्मा शेल कंपनीने 'बर्शेन' या नावाने सिलिंडरमधला गॅस आणला, पुढे तो सर्वदूर पसरला आणि स्वयंपाकघरातील काजळी गेली. काजळीबरोबर यंत्राशी असलेली ती ओळखही गेली. गॅसची शेगडी वर्षानुवर्षे तक्रार न करता चालते, त्यामुळे ती बिघडली की घर गोंधळून जाते.

ज्योत कशी तयार होते?

सिलिंडरमधील गॅस रेग्युलेटरमधून सुमारे ३० मिलिबार इतक्या अल्प दाबाने बाहेर पडतो आणि रबरी नळीतून शेगडीपर्यंत येतो. बटण फिरवले की तो एका बारीक छिद्राच्या पितळी तोटीतून, म्हणजे जेटमधून, वेगाने पुढे झेपावतो. या वेगामुळेच जेटजवळच्या उघड्या जागेतून बाहेरची हवा आपोआप आत ओढली जाते. बर्नरखालच्या नळीत गॅस आणि हवा यांचे मिश्रण होते व ते बर्नरच्या छिद्रांतून वर येऊन पेटते. उरलेली हवा ज्योत सभोवतालातून घेते. एक भाग गॅस पूर्ण जळायला साधारण २४ ते ३० भाग हवा लागते, यावरून हवेचे महत्त्व लक्षात यावे. शेगडीच्या बहुतेक तक्रारींचे मूळ या प्रवासात कुठेतरी गॅस किंवा हवा अडण्यात असते.

म्हणूनच बिघाड दिसताच पहिला प्रश्न स्वतःला विचारावा तो हा, की तक्रार एका बर्नरची आहे की सगळ्यांची? एकाच बर्नरची ज्योत मंद असेल, तर दोष त्या बर्नरमध्ये, त्याच्या जेटमध्ये किंवा त्याच्या बटणाखालच्या कॉकमध्ये आहे. सगळ्याच बर्नरची ज्योत मंदावली असेल, तर शेगडीला हात लावण्याचे कारण नाही. दोष बहुधा शेगडीच्या आधीच, म्हणजे सिलिंडर, रेग्युलेटर वा नळी यांच्यात आहे. एवढ्या एका प्रश्नाने निम्मे काम होते. असे असूनही सिलिंडर संपत आलेला असताना बर्नर उकळत्या पाण्यात टाकून बसणारी घरे कमी नाहीत.

पिवळी ज्योत आणि काळी भांडी

निरोगी ज्योत निळी असते, तिचा आतला शंकू स्पष्ट दिसतो आणि ती बर्नरला चिकटून जळते. ती पिवळी, लांबट आणि डुलणारी झाली, भांड्याची बुडे काळी पडू लागली, की गॅसला हवा कमी पडते आहे असे समजावे. अर्धवट जळलेल्या गॅसातील कार्बन काजळीच्या रूपाने भांड्याला चिकटतो. नुकसान केवळ भांडी घासण्याच्या कष्टांचे नसते. गॅस जास्त लागतो, आणि खिडक्या लावलेल्या लहान स्वयंपाकघरात अशी ज्योत बराच वेळ जळत राहिली तर कार्बन मोनॉक्साइड हा वासहीन विषारी वायू साठू शकतो.

हवा कमी पडण्याचे सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे उतू गेलेले दूध. वास्तुशांतीला मुद्दाम उतू घालवलेले दूध सोडले, तर बाकीचे सगळे शेगडीच्या मुळावर येते. दूध, भाताची पेज, वरणाचा फेस बर्नरच्या छिद्रांत जाऊन जळतो व कडक होतो. शेगडी पूर्ण थंड झाल्यावर, रेग्युलेटर बंद करून, बर्नर उचलून काढावेत. भांडी घासण्याचा साबण घातलेल्या कोमट पाण्यात ते अर्धा तास ठेवून जुन्या दातब्रशाने घासावेत. चिवट थर असेल तर पाण्यात लिंबाचा रस किंवा व्हिनेगर घालता येते. मात्र पितळी आणि विशेषतः ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे बर्नर अशा आंबट पाण्यात रात्रभर ठेवू नयेत, धातू खाल्ला जातो. छिद्रे बारीक तारेने एकेक मोकळी करावीत. आगकाडी किंवा दातकोरणी वापरली तर तिचे टोक आत मोडून बसते आणि एका दुखण्याची दोन होतात.

बर्नर परत लावण्यापूर्वी तो संपूर्ण कोरडा झाला पाहिजे. ओल राहिली तर ज्योत तडतडते, एका बाजूने विझते आणि 'साफ केल्यावर जास्तच बिघडले' असा समज होतो. मोठा बर्नर मोठ्याच जागी, लहान लहानाच्याच जागी आणि प्रत्येक झाकण आपल्याच बर्नरवर नीट बसले पाहिजे. साफसफाईनंतर उद्भवणाऱ्या तक्रारींपैकी बऱ्याच या अदलाबदलीतून येतात.

बर्नर स्वच्छ असूनही ज्योत पिवळीच राहत असेल, तर बर्नरखालच्या मिश्रणनळीत पाहावे. महिनाभर घर बंद ठेवून परतल्यावर ही तक्रार हमखास येते, कारण त्या नळीत कोळ्याने जाळे विणलेले असते किंवा झुरळाने बिऱ्हाड केलेले असते. बाटली धुण्याच्या बारीक ब्रशाने नळी साफ करता येते.

जेटची गोष्ट मात्र वेगळी. ते पितळेचे, म्हणजे मऊ धातूचे असते आणि त्याच्या छिद्राचे माप गॅसच्या दाबानुसार ठरवलेले असते. सुई घालून फिरवली तर छिद्र रुंदावते. दुसऱ्या दिवशी ज्योत मोठी झालेली पाहून समाधान वाटते, परंतु ती मोठी ज्योत आता कायमची पिवळी आणि कायमची उधळी असते. जेट तुंबले असेल तर ते मेकॅनिककडून काढून साफ करून घ्यावे किंवा त्याच मापाचे नवे बसवावे. त्याची किंमत एका दिवसाच्या भाजीपेक्षा फारशी अधिक नसते.

ज्योतीत अधूनमधून चमकणाऱ्या नारिंगी ठिणग्यांना मात्र घाबरण्याचे कारण नाही. मिठाचा कण, पिठाची धूळ, भांड्याच्या बुडाचे पाणी यांमुळे त्या दिसतात. मिठातील सोडियम जळताना पिवळा-नारिंगी रंग देतो. पीठ चाळून झाल्यावर लगेच गॅस पेटवला तर हा दिवाळीचा देखावा कोणालाही दिसेल.

उडणारी ज्योत, आत शिरणारी ज्योत

कधी ज्योत बर्नर सोडून वर तरंगते, फुरफुरते आणि वाऱ्याच्या झुळकीने विझते. हवा जास्त होते आहे किंवा गॅसचा दाब जास्त आहे, असे हे लक्षण आहे. काही शेगड्यांना खालच्या बाजूला हवा कमी-अधिक करणारी फिरती चकती असते, ती किंचित बंद केली की ज्योत स्थिरावते. सगळेच बर्नर असे वागत असतील तर रेग्युलेटरवर संशय घ्यावा आणि वितरकाला कळवावे. रेग्युलेटर ही गॅस कंपनीची मालमत्ता असून तो घरी उघडायचा नसतो. त्यातून सतत गुणगुणल्यासारखा आवाज येऊ लागणे हीदेखील तक्रार करण्याजोगी बाब आहे.

याच्या उलट प्रकार अधिक भीतिदायक असतो. 'फट्' आवाज होतो आणि ज्योत बर्नरवर न दिसता आत, जेटपाशी जळू लागते. शेगडीच्या पोटातून घरघर ऐकू येते, बटण गरम होते. बर्नर नीट न बसणे, बर्नर झिजून त्याला फट पडणे, छिद्रे तुंबणे किंवा गॅसचा प्रवाह फारच कमी होणे ही त्याची कारणे. अशा वेळी बटण तात्काळ बंद करावे, काही मिनिटे थांबावे, शेगडी निवल्यावर बर्नर काढून पुन्हा बसवावा. दुसऱ्यांदा तसेच झाले तर तो बर्नर वापरू नये. 'कधी कधी होते तसे' म्हणून आठवडेच्या आठवडे ही घरघर सहन केली जाते. त्या काळात आतली आग कॉकमधले वंगण वितळवीत असते आणि रबरी नळीचे टोकही तापवीत असते.

मंद झालेला गॅस

सगळ्या बर्नरची ज्योत उतरली तर प्रथम सिलिंडर किती दिवसांचा आहे ते आठवावे. संपत आलेल्या सिलिंडरमध्ये जड घटक मागे उरतात, त्यामुळे शेवटच्या एक-दोन दिवसांत ज्योत लालसर व निर्जीव दिसते. सिलिंडर नवा असेल तर नळी ओट्याच्या कडेला किंवा ट्रॉलीच्या मागे दबली आहे का ते पाहावे. रेग्युलेटरचा खटका पूर्ण फिरला आहे का, हेही.

हिवाळ्याची गोष्ट निराळी. गॅस सिलिंडरमध्ये द्रवरूपात असतो आणि वापरताना त्याची वाफ होते. त्यासाठी लागणारी उष्णता तो सिलिंडरच्या पत्र्यातून घेतो. ब्यूटेनचा उत्कलनबिंदू शून्य अंशाच्या किंचित खाली, तर प्रोपेनचा उणे ४२ अंश सेल्सियस असतो. नाशिक-नागपूरकडच्या थंड पहाटे दोन्ही बर्नर तासभर चालवले तर सिलिंडर गार पडतो, त्याला बाहेरून घाम सुटतो आणि आतला दाब घटतो. त्यावर उपाय म्हणजे थोडा वेळ एकाच बर्नरवर काम भागवणे. सिलिंडर गरम पाण्याच्या घमेल्यात ठेवणे किंवा उरलासुरला गॅस मिळावा म्हणून तो आडवा करणे हे उपाय नव्हेत. आडव्या सिलिंडरमधून वाफेऐवजी द्रव रेग्युलेटरमध्ये शिरतो. एक लिटर द्रवाचा सुमारे अडीचशे लिटर वायू होतो, हे ध्यानात घेतले तर अशा वेळी ज्योत हातभर का उसळते, ते निराळे सांगायला नको.

'सिम'वर गॅस विझण्याची तक्रारही बरीच येते. खिडकीतला वारा आणि पंखा यांची खात्री करून घेतल्यावरही तसेच होत असेल, तर कॉकमधील मंद ज्योतीचा बारीक मार्ग कचऱ्याने अडला आहे असे समजावे. ही दुरुस्ती घरची नाही. विझलेली ज्योत लक्षात न येता गॅस सुटत राहतो म्हणून ती लांबणीवर टाकण्याजोगीही नाही. दूध 'सिम'वर ठेवून दिवाणखान्यात जाऊन बसण्याची सवय अनेक घरांत असते.

बटणे, लायटर आणि काचेची शेगडी

बटण जड फिरू लागले की कॉकमधील वंगण वाळले असे ओळखावे. त्यात खोबरेल किंवा गोडे तेल सोडण्याची पद्धत आहे. तेल उष्णतेने चिकट होऊन बटण आणखी जाम करते. पक्कड लावून जोर केला तर दांडा मोडतो, आणि मोडला तो 'चालू' स्थितीत, तर मुख्य खटका बंद करण्यावाचून मार्ग राहत नाही. उष्णता सोसणारे विशिष्ट वंगण मेकॅनिककडे असते, त्याने ते पाच मिनिटांचे काम आहे. केवळ प्लॅस्टिकचे बटण तडकले असेल तर मात्र संपूर्ण कॉक बदलण्याची गरज नसते, सुटे बटण मिळते.

लायटर ठिणगी देईनासा झाला तर बहुधा तो दमट झालेला असतो. त्याच्या पोटात दाब पडला की वीज निर्माण करणारा छोटा तुकडा असतो, त्यावर स्प्रिंगचा हातोडा आपटतो. मुंबई-कोकणातील पावसाळ्यात किंवा फोडणीच्या वाफेने टोकावर ओल आणि तेलकटपणा साचला की ठिणगी भलतीकडेच जाते. टोक कोरड्या फडक्याने पुसून लायटर शेगडीपासून दूर ठेवावा, इतकेच पुरते. स्वयंचलित पेटणाऱ्या शेगडीचे खटखट आवाज करूनही न पेटणे याच जातीचे आहे. तिथे ठिणगीची दांडी पुसावी आणि शेगडी बॅटरीवरची असेल तर बॅटरी बदलून पाहावी. महिन्यामागून महिने बॅटरी न बदलता मेकॅनिकला बोलावणाऱ्यांची संख्या पाहून मेकॅनिकही हसतात.

ओट्यात बसवलेल्या 'हॉब' प्रकारच्या शेगडीत ज्योत विझताच गॅस तोडणारी सोय असू शकते. ज्योतीत बुडालेली एक लहान दांडी, म्हणजे थर्मोकपल, तापलेली असते तोवरच गॅसची झडप उघडी राहते. अशी शेगडी पेटते, पण बटण सोडताच विझते, अशी तक्रार असेल तर पेटवल्यावर बटण काही सेकंद दाबून धरावे. तरीही उपयोग झाला नाही तर त्या दांडीवरची काजळी पुसावी. ही सोय त्रासदायक वाटते म्हणून काढून टाकायला सांगणारे गृहस्थ भेटतात. त्यांनी 'सिम'वरच्या दुधाची आठवण ठेवावी.

काचेच्या शेगडीने गेल्या काही वर्षांत स्टीलच्या शेगडीची जागा बऱ्याच घरांतून घेतली आहे. दिसायला देखणी, पुसायला सोपी. ही काच विशेष प्रक्रियेने कठीण केलेली असते व फुटली तर तिचे टोकदार तुकडे न होता बारीक दाणे होतात. परंतु ती फुटू शकते. तापलेल्या काचेवर गार पाणी सांडणे, बर्नरच्या मानाने फार रुंद परात किंवा तवा ठेवल्याने उष्णता खाली परतणे, जड कुकर आदळणे, भांडे ठेवण्याच्या स्टँडखालचे रबरी बूच हरवल्याने एकाच जागी भार येणे ही कारणे टाळण्याजोगी आहेत. बर्नरखाली आत जळणारी ज्योत हेही एक कारण आहे, म्हणून घरघर ऐकू येताच काचेच्या शेगडीच्या बाबतीत दुप्पट सावध असावे. काचेत राहिलेल्या अतिसूक्ष्म दोषामुळे ती कोणत्याही कारणाशिवाय फुटल्याचेही प्रसंग घडतात. हमीच्या कालावधीत असे झाले आणि विक्रेता हात झटकू लागला तर छायाचित्रे व पावती जपून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते.

पाइपचा गॅस आणि गावी गेलेली शेगडी

मुंबई, ठाणे, पुणे अशा शहरांत आता मोठ्या वस्तीला नळाने गॅस मिळतो. हा नैसर्गिक वायू असून तो मुख्यतः मिथेन असतो. तो घरात सुमारे २१ मिलिबार दाबाने येतो आणि तितक्याच आकारमानाच्या सिलिंडरमधील गॅसच्या निम्म्याहूनही कमी उष्णता देतो. त्यामुळे त्यासाठी जेटचे छिद्र मोठे लागते. सिलिंडरवरची शेगडी तशीच नळाच्या गॅसला जोडली तर ज्योत बारीक दिसते, भाजी शिजायला वेळ लागतो आणि दोष गॅसला दिला जातो. जोडणी करणाऱ्या कंपनीच्या तंत्रज्ञाकडून जेट बदलून घेतले की तक्रार संपते.

खरा धोका उलट दिशेच्या प्रवासात आहे. नवी शेगडी घेतली की जुनी गावी पाठवण्याची आपल्याकडे रीत आहे. एसटीच्या टपावर किंवा टेम्पोत चढलेली ही शेगडी गावात सिलिंडरला जोडली जाते. मोठ्या छिद्राच्या जेटमधून सिलिंडरचा जास्त दाबाचा, जास्त उष्णतेचा गॅस सुटतो आणि पहिल्याच पेटवणीला पिवळी ज्योत भांड्याच्या वर जाते. ओट्यावर मांडणी असली, फडके वाळत घातलेले असले, तर काय होईल याची कल्पना करता येते. नळाच्या गॅसवर चाललेली शेगडी कोणालाही देताना तिचे जेट पुन्हा बदलून मगच द्यावी, किंवा देऊ नये.

वास आला तर

आतापर्यंतच्या तक्रारी स्वयंपाक अडवणाऱ्या होत्या. गॅसच्या वासाची तक्रार मात्र बाकी सगळे थांबवून हाती घेण्याची आहे. मुळात या गॅसला वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचे रसायन मुद्दाम मिसळतात. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असल्याने तो जमिनीलगत, ओट्याखाली, ट्रॉलीच्या कप्प्यांत साचून राहतो. हवेत त्याचे प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास पोहोचले तरी एका ठिणगीने तो पेट घेऊ शकतो. शिवाय नाकाला वासाची सवय होते. घरात आधीपासून असलेल्याला जो वास जाणवत नाही, तो बाहेरून आलेल्याला दारातच येतो. पाहुण्याने 'गॅसचा वास येतोय का हो?' असे विचारले तर त्याला वेड्यात काढू नये.

वास येताच विजेचे कोणतेही बटण चालू किंवा बंद करू नये. एक्झॉस्ट फॅन लावून गॅस बाहेर काढण्याचा विचार प्रथम सुचतो आणि तोच सर्वांत घातक ठरतो. कित्येक मराठी घरांत देवघर स्वयंपाकघरातच असते, तेव्हा समई, निरांजन, उदबत्ती आधी शांत करावी. रेग्युलेटर बंद करून सिलिंडरवरून काढावा, त्यावर दोरीला बांधलेली पांढरी टोपी घट्ट बसवावी, दारे-खिडक्या उघडाव्यात आणि घराबाहेर येऊन फोन करावा. सिलिंडरच्या गळतीसाठी १९०६ हा क्रमांक चोवीस तास उपलब्ध आहे. तो १ जानेवारी २०१६ पासून सुरू झाला. नळाच्या गॅसची कंपनी आपला तातडीचा क्रमांक बिलावर छापते. तो बिलासह फाइलमध्ये न ठेवता दाराजवळ लिहून ठेवला तर वेळेवर सापडतो. आग लागलीच तर १०१.

गळती कुठे आहे हे शोधण्यासाठी साबणाचे पाणी वापरावे. नळीचे दोन्ही सांधे आणि रेग्युलेटरची जोड यांवर फेस लावला की गळतीच्या जागी बुडबुडे फुगतात. आगकाडी लावून गळती 'पाहणारे' अजूनही आहेत. नवा सिलिंडर घेताना टोपी काढून झडपेच्या आत काळी रबरी कडी आहे ना, हे पाहावे. ती नसेल किंवा चिरलेली असेल तर रेग्युलेटर लावताच वास सुटतो. सिलिंडर आणणाऱ्या कर्मचाऱ्यासमोरच ही तपासणी करावी. वजनही त्याच वेळी करून घ्यावे, रिकाम्या सिलिंडरचे वजन त्यावर लिहिलेले असते आणि आत १४.२ किलो गॅस असायला हवा.

सिलिंडरच्या वरच्या कड्याला जोडलेल्या पट्टीवर एक इंग्रजी अक्षर आणि वर्षाचे दोन अंक असतात. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी म्हणजे जुलै ते सप्टेंबर आणि डी म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. त्या तिमाहीपर्यंत सिलिंडरची पुनर्तपासणी व्हायला हवी. मुदत उलटून गेलेला सिलिंडर परत करण्याचा ग्राहकाला अधिकार आहे.

नळीबाबत घरोघरी दिसणारी बेफिकिरी थक्क करणारी आहे. सध्या वापरात असलेली तारेची जाळी असलेली 'सुरक्षा' नळी पाच वर्षांनी बदलायची असते, मुदत तिच्यावरच छापलेली असते. लांबी दीड मीटरपेक्षा अधिक नसावी, मध्ये जोड नसावा. स्वयंपाकघराचे नूतनीकरण करताना ग्रॅनाइटला भोक पाडून नळी ओट्याखालून नेली जाते. दगडाच्या धारदार कडेवर ती रोज घासते, ट्रॉली तिच्यावर आपटते, उंदीर ती कुरतडतात आणि हे सारे नजरेआड घडते. ती घाण होऊ नये म्हणून तिच्यावर कापडाचे आवरण शिवणाऱ्या गृहिणी तर चीर दिसण्याची शेवटची शक्यताही झाकून टाकतात. बंद कप्प्यात सिलिंडर ठेवायचाच असेल तर कप्प्याच्या तळाशी हवेसाठी जाळी हवी, वरच्या बाजूला असलेली जाळी जड गॅसच्या उपयोगाची नाही.

इंडक्शनचे रुसवे

अनेक घरांत गॅसच्या जोडीला विजेवरची इंडक्शन शेगडी आली आहे. तिची निम्मी दुखणी भांड्याची असतात. ती चुंबकीय क्षेत्राने थेट भांड्याचा तळ तापवते, त्यामुळे ॲल्युमिनियमचे पातेले किंवा तांब्याचे भांडे ठेवले तर ती भांडे नसल्याची सूचना देत राहते. फ्रिजवरचा चुंबक तळाला घट्ट चिकटला तर भांडे चालेल, नाही तर नाही. तळ सपाटही हवा. मध्येच बंद पडत असेल तर खालच्या पंख्याची जाळी धूळ व तेलाने बंद झाली आहे का ते पाहावे. उबेला आलेली झुरळे आतील सर्किट बिघडवतात, हे दुरुस्तीच्या दुकानात हटकून दिसणारे दृश्य आहे. दोन हजार वॉटची शेगडी जवळपास नऊ अँपिअर वीज घेते, ती मिक्सरच्या सहा अँपिअरच्या सॉकेटवर लावली तर सॉकेट तापून वितळते. सोळा अँपिअरचे सॉकेटच हवे, आणि मध्ये एक्स्टेन्शन बोर्ड नको.

दारात उभा असलेला 'तपासनीस'

दुरुस्तीइतकाच दुरुस्ती करणाराही पारखून घ्यावा लागतो. गळ्यात ओळखपत्र अडकवून 'कंपनीकडून आलोय, सक्तीची तपासणी आहे' असे सांगत सोसायट्यांतून फिरणाऱ्या टोळ्यांच्या तक्रारी शहरांतून वारंवार येतात. दुपारी, घरात ज्येष्ठ नागरिक एकटे असताना ते येतात, शेगडी उघडतात, गळती असल्याची भीती घालतात आणि नळी, जेट, कॉक असे सगळे बदलून हजारांची पावती हातात देतात. पावतीवरचा पत्ता पुढे सापडत नाही.

गॅस कंपन्यांच्या वतीने ठरावीक मुदतीने, सध्या पाच वर्षांतून एकदा, अनिवार्य तपासणी होते, हे खरे आहे. परंतु ती वितरकाच्या माणसाकडून होते, तिचे शुल्क ठरलेले असते आणि तिची नोंद ग्राहकाच्या नावावर राहते. दारात आलेल्या माणसाला बाहेरच थांबवून वितरकाच्या नोंदणीकृत क्रमांकावर फोन करावा. तो क्रमांक गॅसच्या पुस्तकातून किंवा पावतीवरून घ्यावा, आलेल्या माणसाने दिलेला नव्हे. खरा तपासनीस त्याने रागावत नाही. नवी जोडणी घेताना वितरकाकडूनच शेगडी विकत घेण्याची सक्ती ग्राहकावर करता येत नाही, हेही अनेकांना ठाऊक नसते. शेगडी कुठूनही घ्यावी, फक्त तिच्यावर आयएसआय चिन्ह आणि त्याखाली परवाना क्रमांक असावा. हा क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या 'बीआयएस केअर' या मोबाइल ॲपवर पडताळून पाहता येतो. भारतीय मानकानुसार सिलिंडरवरच्या शेगडीची औष्णिक कार्यक्षमता किमान ६८ टक्के असावी लागते. रस्त्यावर मिळणाऱ्या बिनचिन्हाच्या स्वस्त शेगडीबाबत तशी खात्री कोणीच देत नाही.

ओळखीच्या मेकॅनिककडून काम करून घेतानाही दोन गोष्टी पाहाव्यात. बदललेले जुने भाग मागून घ्यावेत. खरोखर बदलले गेले की नाही, हे त्यावरून कळते. आणि तो जाण्यापूर्वी त्याच्यासमोरच सांध्यांवर साबणाचा फेस लावून, प्रत्येक बर्नर मोठ्या ज्योतीवर व 'सिम'वर पेटवून पाहावा.